पगारेभाऊंची दुसरी घोषणा

नाशिकच्या एस.टी. स्टँडवर त्या काळी भोंग्यातून जो आवाज यायचा, तो आमच्या शेजारच्या दामोदर पगारे यांचा. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नाशिकहून कळवणला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." इतर कंट्रोलर हे दोनदा सांगून मोकळे होत. पगारेभाऊ तीनदा सांगत, आणि भोंगा बंद करायच्या आधी शेजारच्या माणसाला विचारत, "चारच ना रे? नक्की ना?" तेही सगळ्या स्टँडला ऐकू जाई. कळवणची माणसं हसत हसत गाडीत चढत.

हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत आमची आणि त्यांची भिंत एक होती. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत होते, आमचे हे ओझरला कामाला. भिंत इतकी पातळ, की पलीकडे पगारेभाऊ कुलूप ओढून पाहायचे ते इकडे कडी वाजल्यासारखं ऐकू यायचं. घराबाहेर पडले की कुलूप ओढायचं, जिना उतरून परत यायचं, पुन्हा ओढायचं. मग त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, "स्टोव्ह विझवला ना? नक्की ना?" हा प्रश्न. सुमनताई निमूटपणे हो म्हणत आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत. थंडीतसुद्धा हा गृहस्थ छत्री घेऊन निघायचा. मी एकदा ट्रेनिंगसाठी पुण्याला चालले होते, तर हे स्वतः येऊन ड्रायव्हरला सांगून गेले, "आमच्या बाई आहेत, घाटात जरा बेतानं." मी शरमेनं खिडकीकडे तोंड फिरवलं. खिडकीजवळ बसू नका, समोरून ट्रक येतो, असंही वर ऐकवून गेले.

काळजी हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. पण एवढी काळजी करणाऱ्या माणसावर जेव्हा खरीखुरी काळजी येऊन पडली, तेव्हा त्यानं जे केलं ते आमच्यासारख्या निवांत माणसांना जमलं नसतं, असं मला वाटतं. म्हणून हे लिहायला बसले.

दुष्काळ सरून गेल्यावरच्या वर्षी, लग्नाला बराच काळ लोटल्यावर, सुमनताईंना मुलगी झाली. बाळ अगदी मुठीएवढं. घरी आणलं त्या दिवसापासून जिन्यात मांजराच्या पिलाचा आवाज यायला लागला. बारीक, केविलवाणा. वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, मांजर माळ्यावर व्याली असणार. भूतदया फार, म्हणून त्यांनी जिन्याच्या वळणावर वाटीभर दूध ठेवलं. दुसऱ्या दिवशी दूध तसंच. काकूंनी ते बदललं. मी शाळेतून येत होते तेव्हा पगारेभाऊ वर चाललेले दिसले, हातात तीच वाटी, घासून पुसून लख्ख केलेली. काकूंच्या दारात उभे राहून ते म्हणाले, "काकू, ही तुमची वाटी. मांजर नाही कुठं. आमची मुलगी रडते, तिचा आवाज तसा आहे."

काकूंनी वाटी घेतली आणि पदरानं पुन्हा पुसली. मग पगारेभाऊच त्यांची समजूत घालत म्हणाले, "हळूच रडते हो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून."

मुलीचं नाव सुजाता ठेवलं. तिला दूध ओढता येत नव्हतं. बोंडल्यानं थेंब थेंब पाजावं लागे, आणि प्रत्येक थेंबाला ठसका. पगारेभाऊ ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन आधी तिच्या नाकाखाली बोट धरायचे. श्वास आहे ना, नक्की ना? मुलीचं डोकं लहान, डोळे एकमेकांपासून लांब, कान जरा खाली. आमच्याकडच्या डॉक्टरांनी बरेच दिवस टॉनिकं दिली आणि शेवटी सांगितलं, मुंबईला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवा.

तोवर घरात वेगळीच चौकशी सुरू झाली होती. पगारेभाऊंची आई नामपूरकडच्या खेड्यातून नातीला बघायला आली होती. म्हातारी प्रेमळ, पण तिच्या डोक्यात एक घेतलं की घेतलं. सुमनताई पोटुशी असताना एक ग्रहण होऊन गेलं होतं. आजी रोज सकाळी चुलीपुढे बसावं तशी स्टोव्हपुढे बसून तेच विचारायची, "गिरान व्हतं तवय तू काय चिरं?"

पगारेभाऊ वैतागून म्हणायचे, "आई, आपण हे सगळं सोडलं ना आता? भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे बघ."

"आपन देव सोडात," आजी शांतपणे म्हणायची, "पन गिराननी आपले सोडं का?"

सुमनताई हळूहळू त्यात अडकत गेल्या. शिकलेली बाई, मॅट्रिक झालेली. पण दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, "बाई, त्या दिवशी मी मेथी निवडली होती. निवडणं म्हणजे कापणं नव्हे ना?" मी म्हणायची, नव्हे. दुसऱ्या दिवशी, "दोरा दातानं तोडला असेल का हो मी? शिवण घेतलं होतं वाटतं हातात." मी म्हणायची, अहो, दोऱ्यानं काय होतंय. तिसऱ्या दिवशी नखं. तिचं जेवण तुटलं. ती त्या एका दिवसाची झडती घेत होती, आणि जसजशी झडती घेई तसतसं तिला काहीतरी नवीन सापडे. मला भीती वाटायला लागली की मुलगी वाचेल, पण ही बाई हातची जाईल.

मुंबईला दोघंही सुजाताला घेऊन गेले. तिचं रक्त तपासायला घेतलं, नंतर दोघांचंही घेतलं. निकाल आणायला पगारेभाऊ एकटेच गेले, कारण सुजाताला ताप होता. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी त्यांना एक फोटो दाखवला. तो फोटो त्यांनी मला असा समजावला होता: "शरीरात बारीक काड्या असतात, बाई. जोड्या जोड्यांनी. पाचव्या जोडीतली एक काडी टोकाला तुटलीये सुजाताची. तेवढंच टोक. तिथं जे काय लिहिलेलं असतं ते नाही. असं समजा, गाडी सगळे थांबे घेते आणि शेवटचा थांबा रस्त्यावर नाहीच." ही गोष्ट फार क्वचित होते आणि तिला औषध नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. चालेल की नाही सांगता येत नाही, बोलेल असं वाटत नाही.

त्यानंतर आली वैशाखी पौर्णिमा. पगारेंकडे त्या दिवशी नातेवाईक जमायचे, वंदना व्हायची, खीर असायची, आणि वाटी आमच्याकडेही यायची. त्या वर्षी सुमनताईंनी मला घरीच बोलावलं. कळवणहून त्यांची नणंद मालनबाई आली होती, नामपूरकडचे चुलते होते. खीर वाढली जात होती आणि आजीनं सगळ्यांसमोर विचारलं, "मुंबईना डाक्टर काय सांगस? कोना दोष शे?"

"कुणाचाच नाही," पगारेभाऊ म्हणाले. "आपोआप झालेलं आहे."

"कोनाच नई म्हंजे?" चुलते म्हणाले. "आपोआप काय होतं? कोणाचा तरी असंलच ना."

आणि सगळ्यांच्या नजरा, मी बघत होते ना, सावकाश सुमनताईंकडे वळल्या. सुमनताईंच्या हातातली पळी थांबली. त्यांचे ओठ हलत होते. मला माहीत होतं त्या मनात काय मोजताहेत, मेथी, दोरा, नखं.

तेव्हा पगारेभाऊ घरात कधी न वापरलेल्या आवाजात, अगदी स्टँडवरच्या आवाजात बोलले. "दोष माझा आहे. माझ्या रक्तात आहे. रिपोर्टात तसं आलंय."

आजी ताडकन म्हणाली, "मना पोरमा काही खोट नई शे!" पण पगारेभाऊंनी ते तीनदा सांगितलं. माझ्या रक्तात आहे. माझ्या रक्तात आहे. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर आजी पदर तोंडाला लावून बसली, आणि सुमनताईंनी त्या दिवशी कित्येक दिवसांनी भरपेट खीर खाल्ली. खाताना त्या नवऱ्याकडे अशा बघत होत्या, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

पुढे कधीतरी मी स्टँडवर सिन्नरच्या गाडीची वाट बघत होते. पगारेभाऊंनी मला हाक मारून केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला. भोंग्याचं बटण बंद आहे हे बघितलं, पुन्हा बघितलं, वर त्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"कशाबद्दल?"

"दोघांचंही रक्त साफ आहे. माझंही, सुमनचंही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, ते टोक आपोआप तुटतं, कुणामुळेच नाही. पण कुणाचाच नाही हे कुणाला पटतं का? तुम्ही बघितलंत ना. त्यांना एक नाव हवं होतं. मी माझं दिलं."

"सुमनताईंना तरी सांगा."

"नको. तिला सांगितलं की ती परत आठवत बसेल." मग त्यांनी माझ्याकडे नेहमीच्या चेहऱ्यानं पाहिलं. "बरोबर केलं ना मी? नक्की ना?"

मी म्हणाले, नक्की. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं.

याच माणसानं एकदा नांदगावची गाडी चुकीच्या फलाटावर सांगितली होती, ती गोष्ट ते स्वतःच सांगत. बाजाराचा दिवस, गर्दी तुफान. सहावर लागायची गाडी त्यांनी दोनवर सांगितली, तीनदा. सगळे पोतीबोचकी घेऊन दोनकडे धावले. चूक लक्षात आल्यावर त्यांनी पुन्हा सांगितलं, गाडी सहावर आहे. निम्मे परत धावले. निम्मे तिथंच उभे राहिले, म्हणाले, याचं काही खरं नाही, आधी सांगितलं तेच बरोबर असणार. त्यांची गाडी गेली. पगारेभाऊंनी मागं राहिलेल्या एका म्हाताऱ्याला केबिनमध्ये बसवून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीत स्वतः जागा धरून दिली. "लोक पहिली घोषणा ऐकतात, बाई," ते म्हणत. "दुसरी कितीही खरी असो."

सुजाता वाढली. उशिरा बसली, फार उशिरा उभी राहिली, आणि एक दिवस भिंतीला धरून आमच्या दारापर्यंत चालत आली. मी तोंडावर हात ठेवून रडले. मागं पगारेभाऊ दोन्ही हात पसरून वाकून चालत होते, पडली तर झेलायला. शब्द तिला येत नसत, चारदोन आवाज होते, त्यांचे अर्थ आईबापाला कळत. स्वभावानं गोड. कुणीही दिसलं की मिठी मारायची. मात्र मोठा आवाज तिला मुळीच सोसत नसे. कुकरची शिट्टी झाली, ट्रकनं हॉर्न मारला, की ती थरथर कापायची. मग पगारेभाऊ असतील तिथून धावत येत आणि आपले दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवत. दिवाळीत तर ते तिला मांडीवर घेऊन कान धरून बसून राहत, आणि फटाके वाजवणाऱ्या पोरांवर एका शब्दानं रागावत नसत. त्या घरात सगळे हळू बोलायला शिकले. दिवसभर भोंग्यातून ओरडणारा माणूस घरी कुजबुजायचा. नवल म्हणजे, स्टँडवर नेलं तर भोंग्यातल्या बापाच्या आवाजाला पोरगी भीत नसे. वर बघून हसायची.

अशी वर्षं गेली. वसाहतीत पहिला टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट. मालनबाईंची मुलगी, म्हणजे पगारेभाऊंची भाची निर्मला, नांदगावला दिलेली होती. नवरा प्रकाश कचेरीत शिपाई, घरची थोडी शेती. निर्मलाला पहिले दिवस होते. एक दिवस मालनबाई कळवणच्या गाडीतून उतरल्या त्या थेट भावाच्या दारात आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या.

"दादा, घात झाला," त्या म्हणाल्या. "निर्मलाच्या सासरी कोणीतरी सांगितलं, मामाच्या रक्तात खोट हाय. आईकडून पोरीत उतरली आसंल, असं म्हणत्यात. सासू म्हणते, आसलं पोर आम्हाला नको. दवाखान्यात नेऊन खाली करायचं म्हणते. पोरगी रडून रडून अर्धी झाली."

सुमनताई आत सुजाताला भरवत होत्या. मी माझ्या दारात. पगारेभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्या नजरेचा अर्थ कळला. नऊदहा वर्षांपूर्वी भोंग्यावरून सांगितलेली गाडी आता चुकीच्या फलाटावर येऊन उभी होती, आणि तिच्यात निर्मला बसलेली होती.

नुसतं भाचीपुरतं असतं तर ते लगेच निघाले असते. पण खरं सांगायचं म्हणजे सुमनताईंसमोर सांगायचं. त्या बाईला ज्या छपराखाली उभं केलं होतं ते काढून घ्यायचं. रात्रभर भिंतीपलीकडे हालचाल होती. सकाळी ते दार वाजवून म्हणाले, "बाई, तुम्ही चला नांदगावला. शिकलेल्या माणसाचं ऐकतात लोक." मी रजा टाकली. सुमनताई म्हणाल्या, मीही येते, सुजाताला कुणाकडे ठेवणार? पगारेभाऊंनी छत्री उचलली आणि सुजाताच्या चपला शोधायला लागले.

नांदगावच्या त्या घरात आम्हाला ओसरीवर बसवलं. पाणी दिलं, चहा दिला नाही. निर्मला आतल्या दाराशी उभी होती, एक हात पोटावर ठेवून. सासू समोर खाटेवर. प्रकाश खाली मान घालून.

पगारेभाऊ छत्रीची मूठ चोळत बसले. शेवटी म्हणाले, "माझ्या रक्तात काही नाही. मी तेव्हा खोटं बोललो होतो."

सासूनं त्यांना नीट न्याहाळलं. "तवा खोटं बोलला, तर आता खरं कशावरून?"

"मुंबईच्या डॉक्टरांनी..."

"तवाबी डाक्टरच म्हणाला होता म्हणं ना? आता भाचीचं आलं म्हणून फिरवता व्हय?"

मी मध्ये पडले. दोघांचं रक्त साफ आहे, असल्या गोष्टी आपोआप होतात, याचा निर्मलाशी काही संबंध नाही, असं शाळेतल्यासारखं समजावून सांगितलं. सासू म्हणाली, "बाई, तुमी शेजारी ना? शेजाऱ्याचंच बोलणार." माझं शिक्षण तिथं संपलं.

पगारेभाऊ पुन्हा सांगत होते, तिसऱ्यांदा सांगत होते, आणि दर वेळी ते जास्तच खोटं वाटत होतं. मी मात्र सुमनताईंकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आता ही पुन्हा त्या दिवसात शिरणार, मेथी, दोरा, नखं, असं मला वाटलं.

सुमनताई उठल्या. सुजाता त्यांच्या पदराला धरून होती. नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे कुणाचाच नव्हता?"

"नाही."

"माझाही नव्हता?"

"नाही सुमन. तुझा कधीच नव्हता."

सुमनताईंनी सुजाताचा हात धरला. मग सासूकडे वळल्या. "ऐका मावशी. हे आता खरं बोलतात. कशावरून, ते मला विचारा. यांनी ते अंगावर घेतलं नसतं तर मी हिला घेऊन विहीर जवळ केली असती. म्हणून हे खोटं बोलले. आता निर्मलासाठी खरं बोलतात. तुमचा विश्वास नसेल तर राहू द्या. निर्मलाला आम्ही नेतो. बाळंतपण नाशिकला करतो. पोटाला कुणी हात लावायचा नाही."

त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या, की सुजाता कापायला लागली, आणि पगारेभाऊ नकळत गुडघ्यावर बसून तिचे कान झाकून बसले. सासूनं ते पाहिलं. बराच वेळ पोरीकडे बघत राहिली.

"न्या," ती म्हणाली. "पोर धड झालं तर आणून सोडा."

प्रकाश खाली मान घालूनच उठला. पण निर्मलाची पिशवी त्यानंच स्टँडपर्यंत आणली.

परतीच्या गाडीत निर्मला खिडकीशी, शेजारी मामा, मी मागच्या बाकावर. मनमाड गेल्यावर तिनं विचारलं, "मामा, माझं बाळ नीट होईल ना? नक्की ना?"

साऱ्या आयुष्यात ज्या माणसाला स्वतःच्या कुलपाची खात्री वाटली नाही, तो म्हणाला, "नक्की."

त्या एका शब्दानं पुढचे महिने त्यांना खाल्लं. मला एकटीला गाठून म्हणायचे, "डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, बाकीच्यांना इतरांइतकीच भीती. इतरांइतकी म्हणजे काय, बाई? आम्हीपण तर इतरच होतो." निर्मलासमोर मात्र ते हसत, तिला स्टँडवरच्या गमती सांगत, आणि सुजाताला तिच्या शेजारी झोपवत. निर्मलाच्या मनात आधी सुजाताची धास्ती होती. बघायची आणि नजर काढून घ्यायची. मग एक दिवस सुजातानं तिच्या पोटाला मिठी मारली आणि गाल टेकून बसली. तेव्हापासून निर्मला तिची वेणी घालू लागली. पगारेभाऊंचं वजन उतरलं, शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. स्टँडवर त्यांनी एकदा सटाण्याची गाडी पाचदा सांगितली असं ऐकलं. लोक हसले म्हणे.

निर्मलाला दवाखान्यात नेलं तो दिवस गरम, वाऱ्याचा. दुपारची वेळ. शालिमारच्या बाजूला एका लहान प्रसूतिगृहात आम्ही बाकावर बसलो होतो. मालनबाई काहीतरी पुटपुटत होत्या. प्रकाश आणि त्याची आई नांदगावहून सकाळच्या गाडीनं आले होते, ते समोरच्या बाकावर. सासू दाराकडे कान लावून बसलेली. ती कशासाठी कान लावून बसली आहे हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, कारण आम्हीही तेच करत होतो. बाळ कसं आहे हे डॉक्टर सांगतील तेव्हा सांगतील. आम्हाला आवाज ऐकायचा होता.

पगारेभाऊ सुजाताच्या मागं उभे होते. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, त्यांचे तळवे तिच्या कानांवर. डोळे मिटलेले.

आणि आतून बाळ रडलं. काय रडलं! घसा फाडून, रागावून, थांबायचं नाव नाही. मालनबाई हसायला लागल्या. सासूनं हात जोडले. प्रकाश उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. नर्स दार उघडून म्हणाली, "मुलगा आहे. बाळ छान आहे, बाळंतीण छान आहे." आम्ही सगळे पगारेभाऊंकडे बघायला लागलो. आता विचारतील, नक्की ना?

त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "बाई, असं रडतात होय बाळं?"

त्यांच्या घरात दुसरं बाळ झालंच नव्हतं.

थोड्या वेळानं आत बोलावलं. सासू पुढं सरसावून हात पसरून उभी राहिली. निर्मला खाटेवर पडलेली, केस चिकटलेले, आवाज खोल गेलेला. म्हणाली, "थांबा आत्या. आधी सुजाताच्या मांडीवर द्या."

सासूचे हात तसेच राहिले. प्रकाश पहिल्यांदा बोलला, "द्या ना, आई. ती म्हणती तर."

सुजाताला खाटेच्या कडेला बसवलं. मालनबाईंनी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि खालून आपले हात धरले. बाळ पुन्हा ओरडायला लागलं, खोली दणाणून गेली. सुजाता दचकली, थरथरली. सवयीनं पगारेभाऊ मागून धावले, दोन्ही तळवे तिच्या कानांकडे नेले.

पण सुजाताचे हात वर आले होते. ते तिनं स्वतःच्या कानांवर नेले नाहीत. वाकडी बोटं सरळ करत करत तिनं ते बाळाच्या इवल्याशा कानांवर ठेवले, बाप ठेवतो तसेच, दोन्ही बाजूंनी, बाळाला मोठ्या आवाजाचा त्रास नको म्हणून.

त्यानंतर लवकरच आमच्या यांची ओझरहून बदली झाली आणि मी पगारेभाऊंना पुन्हा पाहिलं नाही. मला ते आठवतात ते तिथंच, खाटेमागं, दोन्ही हात हवेत थांबलेले. ते हात खाली घ्यायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.